कापसाच्या खोलीतील खाज, कोठीतील किडे आणि मानेवरचा चट्टा: नेमके काय आहे ते कसे ओळखावे

यावल तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाकडून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जानेवारीत वेचलेला कापूस भाव न मिळाल्याने अजून घरातच, मधल्या खोलीत भरून ठेवला आहे, आणि गेल्या काही आठवड्यांपासून घरातील काही जणांच्या पोटावर व पाठीवर खाजऱ्या पुटकुळ्या उठत आहेत. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास कोठीत भरलेल्या गव्हात बारीक किडे आणि केसाळ अळ्या दिसू लागल्या आहेत, तर तुरीच्या दाण्यांवर पांढरे ठिपके आले आहेत. पहिला पाऊस पडला त्या रात्री दिव्याखाली पंखांचा सडा पडला आणि दाराच्या चौकटीखाली पिठासारखी भुकटी साचते आहे. धाकट्या मुलाच्या मानेवर भाजल्यासारखा लांबट चट्टा उठला आहे. त्याच रात्री भिंतीवर तळहाताएवढा कोळी दिसल्यामुळे सर्वांनी दोष त्या कोळ्याला दिला आहे. दुकानदाराने धान्यात ठेवण्याच्या गोळ्या दिल्या असून त्या कापसाच्या खोलीतही ठेवाव्यात का, आणि एकूण सगळ्यासाठी फवारायला कोणते औषध आणावे, असे विचारले आहे. सोबत घरातील काही फोटोही पाठवले आहेत.

सर्वांत आधी त्या गोळ्यांविषयी, कारण बाकीचे सगळे चार दिवस थांबू शकते. वर्णनावरून त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आहेत. त्या कापसाच्या खोलीत ठेवू नयेत आणि राहत्या घरातील कोठीतही ठेवू नयेत. हवेतील ओलावा लागताच या गोळीतून फॉस्फिन वायू सुटू लागतो. ३ ग्रॅमच्या गोळीतून सुमारे १ ग्रॅम वायू निघतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली उतरतो, दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत शिरतो, आणि आपल्याकडे जमिनीवर अंथरूण टाकून झोपण्याची पद्धत असल्यामुळे झोपलेल्या माणसांपर्यंत आधी पोचतो. त्याला लसणासारखा वास येतो असे म्हणतात, पण प्रत्येक वेळी तो जाणवेलच असे नाही. या विषावर नेमका उतारा उपलब्ध नाही. कायद्यानेही या गोळ्यांचा वापर सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रक यांच्यापुरताच, तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मर्यादित केलेला आहे. म्हणजे ही गोळी गिऱ्हाइकाच्या हातात यायलाच नको होती. पाकीट उघडले नसेल तर ते कोरड्या जागी, राहत्या खोल्यांपासून दूर, कुलपात ठेवून दुकानदाराला परत करावे; पाण्यात किंवा विहिरीत टाकू नये. गोळ्या ठेवून झाल्या असतील तर सर्वांनी लगेच घराबाहेर पडावे, दारे उघडी टाकावीत, गोळ्या हाताने काढायला कोणी आत जाऊ नये, आणि डोके दुखणे, मळमळ, छातीत दडपण किंवा धाप यांपैकी काहीही जाणवले तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. ज्या किड्यांसाठी हे विष घरात येते, त्यांतील बहुतेक माणसाला चावतसुद्धा नाहीत, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता ओळखीकडे वळू. किडा हाती आला की आपण त्याचा रंग आणि आकार पाहतो, परंतु घरातील निम्मे किडे तपकिरी आणि तीन-चार मिलिमीटरचे असतात, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नाही. तो घरात कोठे सापडला, त्या जागी त्याने मागे काय टाकले आहे, आणि वर्षाच्या कोणत्या दिवसांत तो दिसू लागला, या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. भुकटी, कात, जाळी, काळे ठिपके, दाण्याला पडलेले भोक या खुणा किड्यापेक्षा जास्त बोलतात. त्यानंतर पाय मोजावेत: सहा पाय आणि डोक्यावर मिशा असतील तर तो कीटक, आठ पाय असतील आणि मिशा नसतील तर तो कोळी, गोचीड किंवा माइट (आठ पायांचे अगदी सूक्ष्म जीव) यांच्या कुळातला. तुमच्या घरातील सगळ्या तक्रारी या पद्धतीने वेगवेगळ्या सुटतात, आणि त्यांपैकी एकीसाठीही घरभर फवारणी लागत नाही.

कापसाच्या खोलीतील खाजेपासून सुरुवात करतो, कारण खानदेशात अलीकडे हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. भाव पडले की कापूस घरात राहतो आणि फेब्रुवारी-मार्चपासून ऊन तापू लागले की त्या घरांतून खाजेच्या तक्रारी सुरू होतात. कापसात तीन प्रकारचे कीटक डोळ्यांना दिसतात. पहिली गुलाबी बोंडअळी: सेंटिमीटरभर लांबीची, गुलाबी पट्ट्यांची, जुळलेल्या दोन सरक्यांच्या आत बसून राहणारी. कवडी (किडका, नीट न फुटलेला) कापूस निवडून वेगळा केला नसेल तर ही अळी हमखास घरात येते. २०१७च्या हंगामात तिने महाराष्ट्रभर जो धुमाकूळ घातला तो आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. दुसरे करडे ढेकूण: चार-पाच मिलिमीटरचे, पुढून निमुळते, पांढुरक्या पारदर्शक पंखांचे, चिरडले की उग्र वास सोडणारे. कापूस हलवला की ते शेकड्यांनी बाहेर पडून भिंतीवर चढतात. तिसरे तांबडे ढेकूण: त्यांच्यापेक्षा बरेच मोठे, लाल अंगावर काळ्या खुणा आणि पोटावर पांढरे पट्टे असलेले. या तिघांचे पोट सरकीवर किंवा बोंडावर भरते, माणसाच्या रक्तावर नाही. नावात ढेकूण असले तरी खाटेतल्या ढेकणाशी त्यांचा संबंध नाही.

मग खाज कशाची? तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून माझा मुख्य संशय कापसात वाढणाऱ्या सूक्ष्म माइट्सवर आहे. पायमोटिस नावाचे हे माइट आठ पायांचे, साधारण पाव मिलिमीटरचे, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे असतात. ते बोंडअळी, धान्यातील पतंगांच्या अळ्या आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या यांच्या अंगावर जगतात. कापूस, कडबा, भुसा, धान्याची पोती अशा कोणत्याही साठ्यात अळ्या वाढल्या की पाठोपाठ हे माइटही वाढतात, आणि साठ्यावर बसणाऱ्या, झोपणाऱ्या किंवा तो हलवणाऱ्या माणसाला चावतात. माणसाच्या अंगावर ते राहत नाहीत, पिल्लेही घालत नाहीत. चावताना काहीच कळत नाही. खाज काही तासांनी, बहुधा दुसऱ्या दिवशी सुटते, म्हणून कापसाशी तिचा संबंध लोकांच्या लक्षात येत नाही. पुटकुळी लाल, किंचित फुगीर असते आणि नीट उजेडात पाहिल्यास तिच्या टोकावर टाचणीच्या अग्राएवढा पाण्याचा फोड दिसतो. पोट, पाठ, खांदे, दंड या कपड्यांखाली झाकलेल्या भागांवर त्या अधिक असतात.

हा अंदाज पक्का करण्याचा सोपा मार्ग घरातच आहे. कोणाला खाज आहे आणि कोणाला नाही, हे लिहून काढावे. उन्हाळ्यात आपल्याकडे घरातील पुरुष आणि मुले धाब्यावर (घराच्या मातीच्या सपाट छतावर) किंवा गच्चीवर झोपतात, तर म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया बऱ्याचदा खालीच झोपतात. वर झोपणारे सुटले आणि कापसाच्या खोलीत किंवा तिच्या दाराशी झोपणारे खाजवत असतील, तर दोषी कापूस आहे. याउलट पुटकुळ्या हात, मान, चेहरा अशा उघड्या भागांवर असतील, दोन-चार एका ओळीत असतील आणि जो एका ठराविक खाटेवर झोपतो त्यालाच होत असतील, तर खाटेतला खरा ढेकूण शोधावा. गादीची शिवण उलटून पाहावी, खाटेच्या सांध्यांत टॉर्चचा उजेड टाकावा: शाईच्या टोकाने टेकवल्यासारखे काळे ठिपके, पांढरट कात आणि मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी दिसली की शंका उरत नाही. पूर्ण वाढलेला ढेकूण पाच ते सात मिलिमीटरचा, चपटा, बिनपंखांचा, तांबूस तपकिरी असतो. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर आणि कमरेशी खाज असून ती रात्री अंथरुणात वाढत असेल, आणि घरातील एकामागून एक सर्वांना होत असेल, तर ती खरूज असू शकते. तेथे कीटकांचा शोध घेण्यात वेळ न घालवता त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे.

कापसातील माइट असतील तर उपाय कापूस हलवणे हाच आहे. विकता येत नसेल तर तो निदान राहत्या खोल्यांतून काढून गोठ्यापलीकडच्या कोरड्या शेडमध्ये, ताडपत्री अंथरून ठेवावा. हलवताना अंगभर कपडे घालावेत, तोंडाला रुमाल बांधावा, काम संपताच साबणाने आंघोळ करावी आणि ते कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकावेत. रिकामी खोली झाडून, कोपरे आणि भेगा पुसून काढाव्यात. सांडलेल्या सरक्या आणि अळ्या जाळून टाकाव्यात. यजमान अळ्या गेल्या की माइट काही दिवसांत आपोआप संपतात, आणि अंगावरच्या पुटकुळ्या आठवड्या-दोन आठवड्यांत बसतात. कापसावर कीटकनाशक मारू नये. ते माइटपर्यंत गंजीच्या आत पोचत नाही, आणि पुढे त्या कापसाला हात लावणाऱ्या प्रत्येक माणसाच्या अंगाला मात्र लागते.

मुलाच्या मानेवरचा चट्टा पाहून मला त्या कोळ्याची बाजू घ्यावीशी वाटते. लांबट, पेटलेला, मध्ये बारीक पिवळसर पुळ्या असलेला आणि एक-दोन दिवसांत उठलेला असा चट्टा कोळ्याच्या चाव्याने होत नाही. आपल्याकडे त्याला कोळी अंगावरून गेला, कोळी मुतला असे म्हणतात, कधी नागीण समजून त्यावर लेप लावतात. बहुतेक वेळा याचे कारण असतो पीडेरस नावाचा भुंगेरा. पावसाळ्याच्या सुरुवातीला तो शेतातून घरातील पांढऱ्या दिव्यावर येतो. सात ते दहा मिलिमीटर लांब, मुंगीसारखा सडपातळ; डोके काळे, छाती नारिंगी, मग निळसर-हिरव्या रंगाचे आखूड पंखकवच, पुन्हा नारिंगी पोट आणि टोक काळे. चालताना शेपटीकडचा भाग विंचवासारखा वर उचलतो. एकदा हा पट्टा नीट पाहिला की पुन्हा कधी चुकत नाही. तो चावत नाही आणि डंखही मारत नाही. मानेवर बसला असता आपण झोपेत त्याला हाताने चिरडतो, त्याच्या अंगातील पेडेरिन नावाचे विष कातडीवर पसरते, आणि हात ज्या दिशेने फिरला त्या दिशेने चट्टा उठतो. म्हणूनच तो लांबट असतो. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या वळणात दोन समोरासमोर चट्टे उठतात तेही याच कारणाने, कारण घडी पडली की एका बाजूचे विष दुसऱ्या बाजूला टेकते.

चट्टा साबण आणि भरपूर पाण्याने धुवावा, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात, चुना, राख किंवा टूथपेस्ट लावू नये. त्याच हाताने डोळा चोळला गेला तर डोळा लाल होऊन सुजतो, तेव्हा डॉक्टरांना दाखवावेच. एरवी एक ते तीन आठवड्यांत चट्टा बरा होतो, मागे काही दिवस काळसर डाग राहतो. हा भुंगेरा अंगावर दिसला तर चिरडू नये. फुंकर घालावी किंवा कागदावर घेऊन बाहेर सोडावा. रात्री खिडकीजवळचे दिवे बंद ठेवावेत, मच्छरदाणी लावावी. शेतात हाच प्राणी मावा आणि लहान अळ्या खाऊन आपले काम करतो, म्हणून बांधावर त्याच्यासाठी औषध मारण्याची गरज नाही.

भिंतीवरचा तो मोठा कोळी फोटोवरून शिकारी कोळी दिसतो. अंग चपटे, पाय पसरून तळहाताएवढा, भिंतीवर खेकड्यासारखा आडवा पळणारा. हा जाळे विणत नाही, रात्री फिरून झुरळे पकडतो. मादी पोटाखाली पांढरी चकती धरून फिरते, ती तिची अंड्यांची पिशवी असते. हाताने दाबला तर चावू शकतो आणि दुखते, पण त्यापलीकडे धोका नाही. छताच्या कोपऱ्यात उलटा लटकणारा, धाग्यासारख्या लांब पायांचा आणि हात लावताच सगळे अंग थरथरवणारा कोळीही निरुपद्रवी आहे. त्याची जाळी अस्वच्छ दिसतात एवढीच तक्रार. भिंतीवर उड्या मारत माशा टिपणारा, पुढे दोन मोठे डोळे असलेला लहान केसाळ कोळी तर घराचा मित्रच म्हणावा. लक्ष ठेवावे अशी एकच जात सांगतो: जिन्याखाली, पालथ्या कुंडीत, प्लास्टिकच्या खुर्चीच्या खालच्या बाजूस विस्कळीत पण चिवट जाळे करणारी तपकिरी विडो. तिच्या पोटाच्या खालच्या बाजूला नारिंगी, डमरूच्या आकाराची खूण असते आणि तिची अंड्यांची गोल पिशवी काटेरी दिसते, त्यावरून ती पटकन ओळखता येते. ती लाजाळू असून क्वचितच चावते, तरी अशा जागी हात घालताना आधी पाहावे.

कोळ्यांच्याच कुळातला विंचू मात्र वेगळा विषय आहे. पावसाच्या सुरुवातीला धाब्याच्या घरात, दगडी भिंतीच्या सांध्यांत, गोवऱ्यांच्या ढिगात तो निघतो. नांग्या बारीक, शेपूट जाड आणि रंग तांबूस असेल तर तो लाल विंचू. मोठा, काळा, जाडजूड नांग्यांचा विंचू दिसायला भयंकर असला तरी त्याचे विष सौम्य असते. लाल विंचू मुलाला चावल्यावर घाम सुटणे, हातपाय गार पडणे, उलटी होणे ही लक्षणे दिसली तर एक क्षणही घरगुती उपायात घालवू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे मृत्यू किती कमी होतात हे दाखवून दिले, आणि आज विंचूदंशावरील उपचारात ते नेहमीचे औषध आहे. रुग्ण वेळेवर पोचला पाहिजे एवढेच.

आता कोठी. गव्हात तुम्हाला दिसलेल्या दोन गोष्टी दोन वेगळ्या किडींच्या असाव्यात. मूठभर गहू पांढऱ्या ताटात पसरून भिंगाने पाहा. डोक्याला पुढे सोंड असलेला, पंखांवर चार फिकट तांबूस ठिपके असलेला तो सोंड्या. त्याचे अंडे आणि अळी दाण्याच्या आत असतात आणि दाण्याला एकच, काहीसे वेडेवाकडे भोक पडते. सोंड नसलेला, नळीसारखा गोल, वरून पाहता डोके दिसतच नाही असा तीन मिलिमीटरचा किडा असेल तर तो दाणे पोखरणारा भुंगेरा; तो जेवढे खातो त्याहून जास्त पीठ पाडतो, म्हणून पोत्याच्या तळाशी पांढरट पिठाचा थर दिसतो. तांबडा, चपटा, चपळ भुंगेरा बहुधा पिठात किंवा रव्यात सापडतो. अखंड दाणा त्याला फोडता येत नाही, तो आधीच्या किडीने फोडलेल्या दाण्यांवर आणि भुग्यावर जगतो. पिठाला गुलाबीसर झाक आणि कडवट वास आला तर तो त्याच्यामुळेच, आणि ते पीठ खाऊ नये. दाणे एकमेकांना चिकटून जाळ्यांचे गोळे झाले असतील तर ती पतंगाच्या अळीची खूण आहे.

केसाळ अळ्या मात्र खापरा भुंगेऱ्याच्या असाव्यात, आणि आपल्या भागासाठी हीच कीड मी सर्वांत गंभीर मानतो. ही कीड उष्ण, कोरड्या हवेची आहे. जी उष्णता इतर बऱ्याच धान्यकिडींना सोसत नाही, त्या पस्तीस अंशांच्या घरात ती जोमाने वाढते, आणि जळगाव-धुळ्याचा चैत्र-वैशाख तिच्यासाठी केल्यासारखा असतो. अळी पिवळसर तपकिरी, पाच-सहा मिलिमीटरची, अंगभर ताठ केस आणि शेपटीला केसांचा झुबका. भुंगेरा दोन-तीन मिलिमीटरचा, पंख असूनही न उडणारा. तो फारसे खात नाही, सगळे नुकसान अळी करते. ती दाण्याच्या कोंबाकडून खायला लागते आणि कोठीतील वरच्या वीतभर थरात राहते. तेथे धान्यावर तपकिरी, पोकळ, केसाळ काती भुशासारख्या साचलेल्या दिसल्या की ओळख झाली. तिचा खरा त्रास असा, की अन्न नसताना ही अळी भिंतीच्या भेगेत, पोत्याच्या शिवणीत, कोठीच्या सांध्यात वर्षानुवर्षे निपचित पडून राहू शकते. म्हणून दर वर्षी नवा, स्वच्छ गहू आणूनही कीड लागते आणि लोक व्यापाऱ्याला दोष देतात, वस्तुतः कीड मागच्या वर्षीच्या बारदानात घरातच बसलेली असते.

तेव्हा गहू बाहेर काढा. जूनमधील उघडीप साधून, पत्र्यावर किंवा काळ्या ताडपत्रीवर दोन-तीन बोटांचा पातळ थर पसरून दिवसभर वाळवा. दाण्याचे तापमान पन्नास अंशांच्या पुढे काही तास राहिले तर आतील अळ्यांसह कीड मरते. पावसाळी उन्हात तेवढा ताप मिळत नसेल तर चाळून, निवडून तो गहू आधी दळायला घ्यावा. पुढच्या वर्षी मात्र हे काम एप्रिल-मेमध्येच उरकावे, खानदेशातील उन्हासारखे दुसरे औषध नाही. रिकामी कोठी खरवडून, भेगा माती किंवा सिमेंटने बुजवून, उन्हात तापवून मगच भरावी. जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून वाळवावीत. दाणा दाताखाली कडकन फुटतो इतका कोरडा, म्हणजे ओलावा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असावा. घट्ट झाकणाचे पत्र्याचे पिंप या सगळ्यात श्रेष्ठ. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून घालण्यास हरकत नाही, परंतु त्याने लागलेली कीड मरत नाही, फार तर नवी थोडी दूर राहते. हिरवा पाला घातल्यास उलट धान्याला ओल लागते. केसाळ अळ्या पडलेला गहू धुऊन वाळवल्याशिवाय दळू नये, कारण त्या केसांनी घशाला आणि पोटाला त्रास होतो.

तुरीवरचे पांढरे ठिपके ही कडधान्याच्या भुंगेऱ्याची अंडी आहेत. एक दाणा बोटांच्या चिमटीत धरून उजेडाकडे करा: ठिपका सालीला घट्ट चिकटलेला, गुळगुळीत, नखाने खरवडला तरच निघणारा दिसेल. त्यातून निघालेली अळी थेट दाण्यात शिरते आणि भुंगेरा गोल, स्वच्छ भोक पाडून बाहेर पडतो. ही कीड शेतातूनच, शेंगेवर घातलेल्या अंड्यांतून घरी येते. फोडलेल्या डाळीवर ती सहसा वाढत नाही, म्हणून खाण्यापुरती तूर लवकर भरडून डाळ करून ठेवणे हा जुना आणि पूर्ण शहाणपणाचा मार्ग आहे. अख्खी ठेवायची असेल तर एरंडेल तेल चोळावे, त्याने अंडी गुदमरतात. मटकी, चवळी, मूग यांनाही हेच लागू. थोडेच असेल तर डब्यात घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवले तरी काम होते.

दिव्याखालचे पंख वाळवीचे आहेत की मुंग्यांचे, हे पंखांवरूनच ठरते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, शरीराच्या जवळजवळ दुप्पट असतात आणि सहज गळतात, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात आणि कंबर बारीक नसते. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान, कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात. वाळवी बाहेरून दिव्यावर आली असेल तर काळजीचे कारण नाही, पहिल्या पावसात ती गावभर उडते. ती तुमच्याच भिंतीच्या किंवा चौकटीच्या फटीतून निघताना कोणी पाहिली असेल, तर वारूळ घराच्या पायाशी आहे असे समजावे. त्यासाठी जोत्याकडून वर चढणाऱ्या मातीच्या नळ्या शोधाव्यात. एखादी नळी बोटभर मोडून ठेवावी आणि दोन-चार दिवसांत ती पुन्हा बांधली गेली का ते पाहावे. बांधली गेली तर परवानाधारक माणसाकडून जोत्याभोवती उपचार करून घ्यावा, वरवर रॉकेल शिंपडल्याने नळी मोडते, वारूळ मरत नाही.

चौकटीखालची भुकटी मात्र वाळवीची नाही. आपल्याकडची वाळवी लाकडाची भुकटी बाहेर टाकत नाही, ती पोकळी मातीने भरते. मैद्यासारखी भुकटी आणि लाकडात मिलिमीटरभर रुंदीची गोल भोके ही लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची, म्हणजे घुणाची खूण आहे. सागाच्या गाभ्याला तो सहसा लागत नाही, पण सुताराने पांढऱ्या भागाचे लाकूड वापरले असेल तर लागतो, बांबूलाही लागतो. खाली पांढरा कागद अंथरून आठवडाभर पाहावे. नवी भुकटी पडत नसेल तर भोके जुनी आहेत, मेणाने बुजवून रंग द्यावा. पडत असेल तर रंग खरवडून कोऱ्या लाकडावर बोरॅक्सचे द्रावण दोन-तीन वेळा लावावे.

फोटोत भिंतीवर चिकटलेली, राखाडी, भोपळ्याच्या बीसारखी चपटी पिशवी दिसते, तिच्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो: ती एका लहान पतंगाच्या अळीचे फिरते घर आहे, अळी दोन्ही टोकांतून तोंड काढते आणि जुनी कोळिष्टके, केस, लोकर खाते. जळमटे काढली की तीही जाते. तुळईला लागलेले मातीचे घरटे कुंभारीण माशीचे आहे. आत तिने पिल्लांसाठी भूल दिलेले कोळी भरून ठेवलेले असतात, आणि ती माणसाच्या वाटेला जात नाही.

गव्हातील अळीबद्दल आणि कापसातील माइटबद्दल मला नक्की करायचे आहे, म्हणून नमुने पाठवावेत. अळ्या आणि भुंगेरे औषधाच्या लहान बाटलीत, सॅनिटायझर किंवा स्पिरिट घालून, प्रत्येक जागेची बाटली वेगळी ठेवून आणि तीवर जागा व तारीख लिहून द्यावी. माइटसाठी कापसाखालच्या जमिनीवर पारदर्शक चिकटपट्टी तीन-चार ठिकाणी दाबून ती काचेच्या पट्टीवर किंवा स्वच्छ प्लास्टिकवर चिकटवावी. फोटो काढताना किड्याशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे आणि एक फोटो वरून, एक बाजूने घ्यावा. मुलाच्या मानेचा चट्टा डॉक्टरांना दाखवताना त्या रात्री खोलीत कोणता दिवा चालू होता आणि खिडकी उघडी होती का, हेही त्यांना सांगावे.